मुष्टियुद्धातील वजनगट आणि मेंदूचे संरक्षण

मुष्टियुद्ध हा दोन माणसांच्या बळाचा व कौशल्याचा सामना होय. हा सामना न्याय्य व्हावयाचा तर दोघेही शक्य तितके तुल्यबळ असावे लागतात. या हेतूने लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने 1909 साली आठ वजनगट निश्चित केले. त्यांपैकी वेल्टरवेट गटाची कमाल मर्यादा 147 पौंड, म्हणजे सुमारे 66.7 किलोग्रॅम, तर त्यावरील मिडलवेट गटाची 160 पौंड, म्हणजे सुमारे 72.6 किलोग्रॅम आहे. या दोहोंमध्ये अंतर जेमतेम सहा किलोग्रॅमचे. एवढ्याशा फरकाने असे काय बिघडते, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र या दोन्ही शास्त्रांत शोधावे लागते.

वरच्या गटात लढण्याची प्रथा

एखाद्या गटाचा विजेता आपल्या मर्यादेहून अधिक वजनावर लढत ठरवितो, तेव्हा त्याचे विजेतेपद पणास लागत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या लढतीपूर्वी हातपाय मोकळे करण्यासाठी अशी एखादी लढत स्वीकारण्याची प्रथा पडली. हिचे आणखी एक आकर्षण आहे. मर्यादेत बसण्यासाठी अनेक योद्धे आहार तोडतात, घाम गाळतात, पाणीही वर्ज्य करतात. वरच्या गटात लढताना हा जाच उरत नाही. म्हणून वरवर पाहता ही सोय वाटते. परंतु तिचे मोल समोरच्या माणसाच्या वजनात चुकवावे लागते.

प्रहाराचे गणित

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. वेग तोच ठेवून वस्तुमान वाढविले की संवेग त्याच प्रमाणात वाढतो. ठोशामागे केवळ मूठ नसते. पायांनी जमिनीस दिलेला रेटा कमरेतून व खांद्यातून मुठीपर्यंत पोहोचतो आणि शरीराचा बराच भार तिच्यामागे उभा राहतो. वेल्टरवेट व मिडलवेट यांच्या मर्यादांत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक आहे. वेग समान असल्यास संवेगातही साधारण तितकाच फरक पडेल.

हे झाले प्रहार करणाऱ्याचे. आता तो सोसणाऱ्याकडे पाहू. तोच संवेग हलक्या मस्तकास व बारीक मानेस मिळाला तर त्यांच्या वेगात अधिक मोठा बदल घडतो. अर्थात हलका योद्धा दुहेरी तोट्यात असतो: त्याचा ठोसा प्रतिस्पर्ध्यास कमी हालवितो आणि प्रतिस्पर्ध्याचा ठोसा त्यास अधिक हालवितो. चपळाईने प्रहार चुकविता येतात हे खरे, पण थकवा आला की चपळाईच प्रथम साथ सोडते.

कवटीच्या आत काय घडते

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वस्तुमान सुमारे 1,400 ग्रॅम असते. तो कवटीत एका द्रवाने वेढलेला असतो. द्रवाच्या उत्प्लावक बलामुळे त्याचा भार अवघ्या 50 ग्रॅमइतका भासतो. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्प्लावक बलाने भार कमी होतो, वस्तुमान नव्हे. म्हणून मेंदूचे जडत्व पूर्णपणे कायम राहते.

एक सोपा प्रयोग करा. पातेलीत पाणी घ्या, त्यावर गवताची काडी तरंगत सोडा आणि पातेली एकाएकी गरकन फिरवा. पातेली फिरते, पण काडी जवळजवळ जागच्या जागीच राहते. जबड्यावर बाजूने ठोसा बसला असता असेच घडते. जबडा मानेच्या आसापासून दूर असल्याने मस्तक झटक्याने वळते, मेंदू मात्र मागे राहू पाहतो. मेंदूच्या पृष्ठभागापासून त्यावरील आवरणाकडे जाणाऱ्या सूक्ष्म शिरा त्या वेळी ताणल्या जातात, कधी तुटतात. मग रक्त साकळून मेंदूवर दाब पडतो. हातमोज्यांमुळे मुठीची हाडे वाचतात, परंतु मस्तकाचा हा झटका टळत नाही.

बेनी पॅरेट याची कहाणी

क्यूबात जन्मलेला बेनी पॅरेट 1960 साली वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. एप्रिल 1961 मध्ये एमिल ग्रिफिथने त्यास तेराव्या फेरीत बाद करून विजेतेपद घेतले. सप्टेंबरमध्ये पॅरेटने ते परत मिळविले. त्यानंतर 9 डिसेंबर 1961 रोजी तो वरच्या गटात उतरला. ही लढत नुसत्या सरावाची नव्हती. समोर मिडलवेट विजेता जीन फुलमर होता आणि त्याचे विजेतेपद पणास लागले होते. थोराड बांध्याच्या फुलमरने पॅरेटला जबर मारा करून दहाव्या फेरीत बाद केले.

पॅरेटचे स्वतःचे विजेतेपद या पराभवाने गेले नाही. म्हणूनच अवघ्या 105 दिवसांनी, 24 मार्च 1962 रोजी, न्यूयॉर्क येथे तो पुन्हा ग्रिफिथसमोर उभा राहिला. बाराव्या फेरीत तो कोपऱ्यात दोरांना टेकलेला असताना त्याच्या मस्तकावर प्रहारांमागून प्रहार झाले. पंचाने लढत थांबविली तोवर उशीर झाला होता. पॅरेट शुद्धीवर आला नाही. 3 एप्रिल 1962 रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

अखेरचे प्रहार ग्रिफिथचे होते. परंतु वर्षभरात दोनदा बाद झालेल्या, त्यांतही एकदा अधिक वजनाच्या योद्ध्याकडून मार खाल्लेल्या माणसास इतक्या लवकर रिंगणात उतरू द्यावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. विजेतेपद सुरक्षित राहिले म्हणजे विजेता सुरक्षित राहिला, असे होत नाही.

बोध

मेंदूची दुखापत बाहेरून दिसत नाही. सुजलेला डोळा आठवड्याभरात बरा होतो आणि माणूस बरा झाला असे आपण समजतो. आतील इजा पुरती भरून येण्यापूर्वी दुसरा आघात झाला तर तो पहिल्याहून घातक ठरू शकतो. यास्तव बाद झालेल्या योद्ध्यास ठरावीक काळ लढण्यास मनाई करण्याचा आणि वैद्यकीय तपासणीखेरीज परवानगी न देण्याचा नियम आज अनेक ठिकाणी पाळला जातो. शाळेच्या मैदानावरही हेच तत्त्व लागू आहे. खेळताना डोक्यास मार लागून भोवळ आली, ओकारी झाली वा क्षणभर शुद्ध हरपली, तर त्या मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळू नये व त्यास वैद्याकडे न्यावे. अशा वेळी खेळ सोडणे हा भ्याडपणा नव्हे.

विचार करा

1. पातेलीऐवजी पाण्याने भरलेली बंद बाटली एकदम फिरविल्यास आतील पाणी लगेच तिच्याबरोबर फिरेल काय?
2. उत्प्लावक बल मेंदूचे कोणत्या बाबतीत रक्षण करते आणि कोणत्या बाबतीत करू शकत नाही?
3. मानेचे स्नायू बळकट असल्यास मस्तकाचा झटका कमी का होतो?