खिळे आणि बाराखडी
इंग्रजी मजकुराला सव्वीस अक्षरांची लहानमोठी रूपे पुरतात; आपल्या बाराखडीला जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. दगडाला काय, हाताने लिहिलेले कोणतेही अक्षर चालते! पुढे खिळे आले, जावजी दादाजींच्या 'निर्णयसागर'चा सुबक टाइप नावाजला गेला. पण जुळाऱ्याची दमछाक तशीच राहिली. सावरकरांनी 'इ'ऐवजी 'अि' लिहावे असे सुचविले, आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ते छापलेही. या वादाला लिपीसुधारणा म्हणतात. मला तो निम्मा तरी जुळाऱ्याच्या खणांचा वाटतो. संगणकावर र. कृ. जोशींच्या 'मंगल' टाइपात 'क्ष' काय नि 'इ' काय, खण शोधावाच लागत नाही. 'अि' मात्र जुन्या अंकांतच राहिली.