दोन-स्ट्रोक इंजिनची ताकद वाढवताना : आधी माप, शेवटी कानस

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली. दहा वेळा मापावे आणि एकदाच कातर चालवावी, हा आमच्या उस्तादांचा पहिला धडा. हाच धडा मोटारसायकलच्या इंजिनालाही लागू आहे, हे मात्र आम्हाला खिशाला चाट बसल्यावर समजले.

आमचा पुतण्या गॅरेज चालवतो. त्याच्या लेथला भांडवल आम्ही दिले आहे. एका गिऱ्हाईकाने डोंगरवाटेवर आणि मातीवरच्या शर्यतीत चालवायची जुनी दोन-स्ट्रोक गाडी आणून दिली आणि ताकद वाढवून मागितली. पुतण्याने ऐकीव माहितीवर सिलिंडरचे एक्झॉस्ट पोर्ट कानशीने ३ मिलिमीटर वर नेले आणि बाजारातला तयार रेसिंग पाईप बसवला. सपाटीवर गाडी किंचाळत पळाली. चढावर मात्र अर्धा क्लच दाबून धरल्याशिवाय हलेना. तिसऱ्या दिवशी पिस्टन जाम झाला आणि सिलिंडर नवा घेऊन द्यावा लागला. पुतण्या म्हणाला, "चाचा, सगळे करतात तेच मी केलं. मग चुकलं कुठे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आमच्या मिस्त्री आणि लेथवाल्या भावांसमोर ठेवीत आहोत.

ताकद येते कुठून?

दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. सिलिंडरच्या भिंतीला असलेली दारे, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट उघडते व जळालेला वायू बाहेर पडतो. मग ट्रान्सफर पोर्ट उघडून ताजे मिश्रण आत येते. दोन्ही दारे काही काळ एकदमच उघडी असतात. त्यामुळे ताजा मालही एक्झॉस्टमधून निसटू शकतो.

एक्झॉस्ट पोर्ट वर नेले की दार लवकर उघडते आणि उशिरा बंद होते. जास्त फेऱ्यांवर वेळ कमी असतो, तिथे याचा फायदा होतो. कमी फेऱ्यांवर मात्र ताजा माल निसटतो, दाबाला मिळणारा स्ट्रोक तोकडा पडतो आणि ओढ जाते. म्हणजे नुसते पोर्ट वर नेल्याने ताकद नवी निर्माण होत नाही. खालच्या फेऱ्यांतली काढून ती वरच्या फेऱ्यांत नेली जाते. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकण्यासारखेच हे आहे. डोंगरवाटेच्या गाडीचे खरे भांडवल खालची ओढ हेच असते. ते आम्ही न विचारता खर्च करून टाकले होते.

हिशोब पाहा. ६४ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट १ मिलिमीटर वर नेले की ते उघडे राहण्याचा काळ साधारण साडेतीन ते चार अंशांनी वाढतो. डोंगरवाटेच्या गाडीत हा काळ १७० अंशांच्या आसपास असतो, मोटोक्रॉसच्या गाडीत १८० ते १९०. केवळ ३ मिलिमीटर कानशीने गाडीची जातच बदलते.

यामाहा डीटी-१ चा धडा

या विषयातले उत्तम उदाहरण यामाहाच्या डीटी-१ चे आहे. १९६८ साली ही गाडी अमेरिकेतील जंगलवाटा आणि वाळवंटात चालवणाऱ्यांसाठी विक्रीला आली. एक सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर, ६४ मिलिमीटर स्ट्रोक, २४६ घनसेंटीमीटर. ताकद ६,००० फेऱ्यांवर १८.५ अश्वशक्ती. आकडा लहान वाटतो, पण खडकाळ चढावर हळू चालवता यावी म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला होता.

शर्यतवाल्यांसाठी कंपनीने वेगळा जीवायटी किट विकला. त्यात सिलिंडर, हेड, पिस्टन, रिंग, कार्बोरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर असा पूर्ण संच होता. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, हे सर्व भाग एकमेकांच्या मापाने बनवलेले होते. एकच सुटा भाग बदलून काम भागत नाही. दुसरी, सिलिंडर वेगळाच दिल्याने मूळ सिलिंडरला कानस लावावी लागत नव्हती. शर्यत संपली की जुना संच परत बसवता येई. माघारी येण्याची वाट कंपनीने शिल्लक ठेवली होती.

कामाचा क्रम

आता आमच्या गॅरेजमध्ये काम पुढील क्रमाने होते. जे परत फिरवता येते ते आधी, जे फिरवता येत नाही ते शेवटी.

१) इंजिन निरोगी आहे का? बोअर, रिंग, क्रँकचे बेअरिंग आणि ऑइल सील आधी तपासावेत. सील गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जळतो. आजारी इंजिनची ताकद वाढवू नये.

२) मापे कागदावर घ्यावीत. क्रँकला डिग्री प्लेट लावून प्रत्येक पोर्ट किती अंश उघडे राहते ते लिहावे. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून, प्लगच्या भोकातून ब्युरेटने तेल सोडून हेडची जागा मोजावी. पिस्टन आणि हेडची कड यांतले अंतर मऊ सोल्डर तार दाबून मोजावे.

३) पाईप. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात एक्स्पान्शन चेंबरचे शास्त्र पुढे नेले. १९६१ साली त्यांच्या १२५ च्या इंजिनने १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. पाईपचा रुंद होणारा शंकू जळका वायू खेचून घेतो. पुढचा अरुंद होणारा शंकू दाबाची लाट परत पाठवून निसटलेला ताजा माल सिलिंडरात ढकलतो. ही लाट वेळेवर परतली तरच फायदा होतो.

लांबीचा ढोबळ हिशोब असा : एक्झॉस्ट उघडे राहण्याचे अंश गुणिले ५०० (गरम वायूत लाटेचा वेग, मीटर प्रति सेकंद), भागिले १२, भागिले मिनिटाचे फेरे. उत्तर मीटरमध्ये येते. लांबी पिस्टनच्या कडेपासून अरुंद शंकूच्या मध्यापर्यंत धरावी. १८० अंश आणि ८,००० फेरे धरले तर सुमारे ९४ सेंटीमीटर. ६,००० फेरे धरले तर १२५ सेंटीमीटर. म्हणजे डोंगरवाटेच्या गाडीला लांब पाईप हवा आणि आम्ही आखूड बसवला होता. पत्रा कापण्यापूर्वी हा हिशोब केला असता तर पुढचे सगळे टळले असते.

४) जेट. पाईप बदलला की इंजिन जास्त हवा ओढते. मग मेन जेटही मोठा लागतो. सुरुवात मुद्दाम दोन नंबर मोठ्या जेटने करावी आणि एकेक नंबर खाली यावे. मोकळ्या मैदानात पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करावे व प्लग पाहावा. तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर धोका. आमच्या त्या गाडीचा जेट जुनाच होता. पिस्टन जाम झाला तो यामुळे. आणखी एक खूणगाठ बांधावी : तेल जास्त घातले म्हणजे इंजिन सुरक्षित, असे नाही. तेल वाढले की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण पातळच होते. लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे २५ ला १, असे एकच प्रमाण धरून जेट ठरवावा आणि मग ते बदलू नये.

५) हेड. लेथवर हेड थोडे उतरवले की दाब वाढतो आणि ओढ खालपासून वरपर्यंत सुधारते. डोंगरवाटेच्या गाडीला हेच काम जास्त मानवते. २४६ च्या इंजिनात हेडची जागा २२ घनसेंटीमीटर असेल तर प्रमाण १२.२ ला १ येते. तीच २० केली तर १३.३ ला १. दोन घनसेंटीमीटरचा फरक एवढा मोठा आहे. मर्यादा ओलांडली की इंजिन तापते आणि ठोका देते. पिस्टन व हेडच्या कडेतले अंतर १ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. हेड बिघडले तर दुसरे मिळते, म्हणून हे काम पोर्टच्या आधी.

६) पोर्ट, सर्वांत शेवटी. आधी ट्रान्सफरचे खडबडीत ओतकाम आणि गॅस्केटजवळच्या पायऱ्या साफ कराव्यात. याने नुकसान काही नाही. एक्झॉस्ट वर न्यायचेच असेल तर अर्धा मिलिमीटर न्यावे, गाडी चालवून पाहावी, मग पुढचा विचार करावा. कडा गोल केल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. पोर्ट रुंद करताना रिंगची पिन कुठून जाते ते आधी पाहावे.

गिऱ्हाईकाशी व्यवहार

आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या यामाहा आर.एक्स. १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाड्या आजही गॅरेजात येतात. त्यांनाही हाच क्रम लागू आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत मूळ नोंदीविरुद्ध बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेव्हा असे काम बंद मैदानावरच्या शर्यतीच्या गाडीपुरतेच घ्यावे आणि गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगावे.

कामाआधी एक प्रश्न विचारावा : गाडी चढावर चालवायची की सपाटीवर पळवायची? दोन्ही म्हणणाऱ्याला सांगावे की दोन्ही एकदम मिळत नाही. काय मिळेल आणि काय जाईल, हे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. मूळ सिलिंडर, हेड, पाईप आणि जेट पुडीत बांधून त्याच्या हवाली करावेत. गिऱ्हाईकाची गाडी आपल्याकडे अमानत असते.

पुतण्याने कापलेला तो सिलिंडर आम्ही फेकला नाही. गॅरेजमध्ये कानशीच्या खिळ्यालाच टांगून ठेवला आहे. नवा शागीर्द कामाला आला की त्याच्या हातात आधी डिग्री प्लेट दिली जाते. कानस मागितली, तर ती काढताना तो सिलिंडर त्याला पाहावाच लागतो.