किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? ऑनलाइन दुकानाच्या पाठवणी-दरांमागची घनता

लहानपणी या प्रश्नाला आपण सगळेच एकदा तरी फसलोय. उत्तर अर्थातच, दोन्ही सारखेच. पण हाच प्रश्न कुरिअर कंपनीला विचारलात तर ती म्हणेल, "कापूस जड!" आणि बिलही तसंच लावेल.

समजा, तुम्ही अमेरिकेत घरगुती फराळाचं छोटं ऑनलाइन दुकान सुरू करताय. माल दोनच: बेसनाचे लाडू आणि कुरमुऱ्यांचा चिवडा. दोन्हींसाठी एकाच मापाचे खोके आणलेत, १२ × १० × ८ इंचांचे. दुकानाच्या सेटिंगमध्ये 'शिपिंग'चं पान आलं आणि तुम्ही वजनानुसार दर भरले: ३ पौंडांपर्यंत १० डॉलर, ७ पौंडांपर्यंत १५ डॉलर. (हे दर फक्त उदाहरणासाठी.) पहिली ऑर्डर आली २ पौंड चिवड्याची. खोका धरून काट्यावर भरले ३ पौंड, म्हणून गिऱ्हाइकाकडून १० डॉलर घेतलेत. कुरिअरचं बिल मात्र आलं ७ पौंडांचं, १५ डॉलर. या ऑर्डरवर ४ डॉलर सुटणार होते, ते तर गेलेच, वर एक डॉलर पदरचा गेला. म्हणजे चिवडा जितका जास्त खपेल, तितका तोटा वाढणार!

हे जास्तीचे ४ पौंड आले कुठून?

ट्रक किंवा विमान दोन प्रकारे भरतं. कधी वजनाची मर्यादा आधी गाठली जाते, तर कधी जागा आधी संपते. कुरमुरे भरलेला ट्रक वजनाने हलका असला, तरी त्यात दुसरं काही मावत नाही. म्हणून कंपनी दोन मापं लावते. आपल्याकडे खेड्यात धान्य पायलीने, म्हणजे घनफळाने मोजायचे आणि बाजारात काट्याने. कुरिअरवाला पायली आणि काटा दोन्ही लावतो आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतो. या 'पायली'च्या मापाला घनफळी वजन म्हणू.

त्याचं सूत्र सोपं आहे. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि १३९ ने भागायचं. फेडएक्स आणि यूपीएस व्यावसायिक खात्यांना अमेरिकेत हाच भाजक लावतात. आपल्या खोक्याचं घनफळ ९६० घनइंच. भागिले १३९, म्हणजे ६.९. अपूर्णांक नेहमी वर जातो, म्हणून ७ पौंड.

पण १३९ म्हणजे नेमकं काय? १३९ घनइंच म्हणजे साधारण २.२८ लिटर आणि एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. भागाकार केला की येतात लिटरला सुमारे २०० ग्रॅम. सेंटिमीटर-किलोच्या हिशेबात बऱ्याच कंपन्या ५,००० हा भाजक वापरतात. ५ लिटरला १ किलो, म्हणजे पुन्हा लिटरला २०० ग्रॅमच! हा आकडा म्हणजे घनतेची सीमारेषा आहे, पाण्याच्या घनतेच्या एक पंचमांश. तुमचं पार्सल हिच्यापेक्षा हलकं असेल तर तुम्ही जागेचे पैसे भरता, जड असेल तर वजनाचे.

आता घरीच प्रयोग करा. एक लिटरच्या भांड्यात चिवडा भरा आणि वजन करा. कुरमुऱ्यांचा असेल तर तो २०० ग्रॅमच्या बराच खाली राहील. लाडवांसाठी मोठं भांडं घ्या. एकसारखे गोळे कसेही ओतले तर जागेचा सुमारे ६४ टक्के भागच भरतो, बाकी हवा. तरीही लाडू २०० ग्रॅमची रेषा सहज ओलांडतात.

एवढं कळलं की पर्याय निवडणं सोपं होतं.

एक, चिवड्याला त्याच्या मापाचा खोका द्या. १० × ८ × ६ इंचांच्या खोक्याचं घनफळी वजन ४८० भागिले १३९, म्हणजे ४ पौंड. सात नव्हे! खोका फुगू मात्र देऊ नका. २०२५ पासून या दोन्ही कंपन्या इंचाचा अपूर्णांकही वर धरतात. १२ चे १३ झाले, तर मोठ्या खोक्याचे ७ पौंडांचे ८ होतात.

दोन, नुसते लाडू असतील तर अमेरिकी टपाल खात्याचा 'फ्लॅट रेट' खोका बघा. देशांतर्गत ७० पौंडांपर्यंत त्याचा दर वजनाने बदलत नाही. तसंच २०२५ च्या नियमांत टपाल खातं एक घनफुटापेक्षा (१,७२८ घनइंच) मोठ्या पार्सललाच घनफळी वजन लावत होतं. म्हणजे आपला चिवड्याचा मोठा खोकाही तिथे ३ पौंडांचाच धरला गेला असता. नियम बदलतात, त्यामुळे दर ठरवताना चालू तक्ता पाहा.

तीन, आणि हा माझा आवडता: दोन्ही एकत्र विका. मोठ्या खोक्यात २ पौंड चिवडा, ४ पौंड लाडू आणि खोक्याचा १ पौंड, एकूण ७ पौंड. घनफळी वजनही ७ च! चिवड्यासाठी जे भाडं भरावंच लागत होतं, त्यातच लाडू गेले.

सेटिंगमध्ये 'कंपनीचा थेट दर' हा पर्याय घेतलात, तर हिशेबासाठी कुठल्या खोक्याची मापं धरली जातात ते तपासा. काही ठिकाणी सगळ्या मालासाठी एकच ठरलेला खोका धरतात. वजनानुसार दर स्वतः भरणार असाल, तर काट्याचं आणि घनफळी यांतलं जे जास्त असेल ते वजन धरा.

राहिली 'मोफत पाठवणी'. पाठवायला सरासरी १२ डॉलर लागत असतील आणि मालावर ३० टक्के सुटत असतील, तर १२ भागिले ०.३, म्हणजे ४० डॉलरच्या ऑर्डरवर तुम्ही फक्त बरोबरीत सुटता. मेहनतीचे पैसे त्याच्या पुढे सुरू होतात. मोफतची मर्यादा ४० च्या बरीच वर ठेवा.

दुकान उघडण्याआधी प्रत्येक पार्सल भरून बघा आणि काट्याशेजारी मोजपट्टीही ठेवा.