मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

आमच्या रामाकोना गावात गेमिंग पीसीची हौस आता नवी राहिलेली नाही. संत्र्याचा आंबिया बहार विकला गेला की एखाद्या घरातला पोरगा हट्ट धरतो, घरचे हो-नाही करत तयार होतात आणि सगळे नागपूरची वाट धरतात. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला, पण अशा खरेदीसाठी आमचा बाजार अजून नागपूरच. या खरेदीत घामाचा पैसा कसा वाया जातो ते मी जवळून पाहिलं आहे. थोडी माहिती असली तर तो वाचतो, म्हणून हे लिहितो आहे.

शेजारच्या घरात असाच एक पीसी आला. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं : आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस. पण व्हॅलोरंट सुरूच होईना. "काकाजी, आय-सेव्हन आहे ना, मग गेम काहून नाही चालत?" पोरगा रडकुंडीला आला होता.

आम्ही सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून आतल्या भागांची नावं वाचली. प्रोसेसर आय-७ होता, पण आय-७ २६००, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. इथे ते आडमार्गाने बसवलं होतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि त्या जुन्या मदरबोर्डवर टीपीएम २.० नव्हतंच. मागे विंडोज १० वर जावं, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. ग्राफिक्स कार्ड निघालं जीटी ७३०, २०१४ सालचं. त्यावर ४ जीबी मेमरी होती खरी, पण संथ डीडीआर-३ जातीची. दुकानदाराने माल परत घेतला नाही.

त्या कागदावर लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, सगळे अर्धवट होते. 'आय-७' म्हणजे फक्त घराणं. पिढी त्यापुढच्या आकड्यात कळते. २०२२ सालचा चार कोरचा आय-३ १२१००एफ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. '४ जीबी ग्राफिक्स' जीटी ७३० ही असतं आणि जीटीएक्स १६५० ही, पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून दुकानात पाऊल टाकताच पूर्ण मॉडेल नंबर मागा.

आपल्या पैशात काय बसवावं

भाव दर महिन्याला हलतात. २०२५ च्या अखेरीस तर एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅम झपाट्याने महागली. तेव्हा इथे किमतींपेक्षा पैशाची वाटणी सांगतो. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माऊस यांचे पैसे आधीच बाजूला काढा. खालचे आकडे फक्त कॅबिनेट आणि त्यातल्या भागांचे आहेत.

पस्तीस-चाळीस हजार असतील तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा मोह सोडा. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या. सहा कोर आणि आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स असल्यामुळे व्हॅलोरंट, जीटीए ५ सारखे गेम १०८०पी वर कमी ते मध्यम सेटिंगला नीट खेळता येतात. मात्र असं आतलं ग्राफिक्स रॅमच्याच जोरावर चालतं. ८ जीबीच्या दोन कांड्या लावल्या तर रॅमचे दोन्ही मार्ग उघडतात. १६ ची एकच लावली तर गेमचा वेग चांगलाच पडतो. सोबत ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि चांगला एसएमपीएस घ्या, म्हणजे पुढच्या बहाराला कार्ड जोडता येईल.

साठ-सत्तर हजारांत रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ आणि सोबत ८ जीबीचं आरएक्स ६६०० च्या तोडीचं कार्ड, अशी जोडी बघा. या पायरीवर तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त पैसा कार्डावर जाऊ द्या, कारण गेमचं चित्र तेच काढतं. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळीच राहील. रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बी४५० बोर्डावर बसवत असाल तर बायोस अपडेट दुकानातच करून घ्या.

लाखाच्या वर जात असाल तर एएम५ सॉकेट आणि डीडीआर-५ रॅम घ्या. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं सांगितलं आहे, म्हणजे उद्या बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल. रायझन ५ ७६०० आणि १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय इतकं १४४०पी मॉनिटरला पुरेसं आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर लागत नाही. ते पैसे रॅमवर लावा.

जुनं कार्ड घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. स्वस्त कार्डावर मोठ्या कार्डाचं नाव चढवूनही विकतात. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं नाव तपासा आणि अर्धा तास जड गेम चालवून पाहा, मगच सौदा करा.

एसएमपीएसचं लेबल वाचा

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. सगळ्यात जास्त फसवणूक याच डब्यात होते. शेजारच्या त्या पीसीतला एसएमपीएस मी हातात घेऊन पाहिला. ठळक अक्षरांत '४५०', पण खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर. बारा गुणिले पंधरा, म्हणजे १८० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट घेतं आणि आय-५ १२४००एफ जोरात असताना ११७ पर्यंत जातो. दोन्ही मिळून २४९ झाले. तसल्या डब्यावर असा पीसी ऐन गेममध्ये रीस्टार्ट होतो, आणि डबा जळाला तर बोर्ड-कार्डही सोबत नेऊ शकतो. म्हणून ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा, १२ व्होल्टवर जवळजवळ पूर्ण वॅट देणारा, निदान तीन वर्षं वॉरंटी असलेला डबा घ्या. दिव्यांचे पंखे कमी करा, पण इथे हात आखडू नका.

घरची वीजही तपासून घ्या. ओलिताच्या दिवसांत विहिरींवरचे पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज खाली-वर होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर समजा, अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. पीसी लावण्याआधी वायरमनकडून ते करून घ्या, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. छोट्या पीसीला तो चालेल, मोठं कार्ड असेल तर १००० व्हीएच्या वर जा. यूपीएस मिनिटं देतो, तेवढ्यात काम साठवून पीसी बंद करायचा.

मे महिन्यातला उन्हाळा लक्षात घेऊन समोर जाळी असलेलं कॅबिनेट निवडा. समोर अखंड काच असली की हवा नीट आत जात नाही आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. धुळीची गाळणी महिन्याला झाडा.

घरी आल्यावर, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, त्या कार्डाला लावा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडा. बऱ्याच घरी तो ६० वरच चालतो.

नागपूरला निघण्याआधी एका कागदावर आठ ओळी आखून घ्या : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येक ओळीत दुकानदाराकडून कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, किंमत आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. तेच नंबर जीएसटीच्या पक्क्या बिलावर आले पाहिजेत, आणि पीसी तुमच्यासमोर चालू करून सीपीयू-झेड, जीपीयू-झेडमध्ये ते जुळले पाहिजेत. चांगला दुकानदार हे आनंदाने करून देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका, मग दर कितीही कमी सांगो.