प्रौढांतील रक्तकर्करोग आणि शरीरभार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना निंदितांत आहे. तथापि दोहोंत कार्श्य बरे, कारण व्याधी जडल्यास तो स्थूलालाच अधिक पीडितो, असे आचार्यांचे मत आहे. ल्युकेमियाच्या प्रौढ रुग्णांविषयीची आधुनिक निरीक्षणे या मताच्या बरीच जवळ येतात, सर्वस्वी नव्हे.

तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात तरुण प्रौढांना बालकांच्या धर्तीवरील औषधयोजना दिली जाते. तीत स्थूल रुग्णांच्या यकृताला अ‍ॅस्पराजिनेजचा त्रास अधिक होतो. तीव्र मायलॉइड प्रकारात निष्कर्ष एकमुखी नाहीत. शिवाय भारतीयांत शरीरभार निर्देशांक २५ झाला की स्थौल्य धरतात, पाश्चात्त्यांप्रमाणे ३० नव्हे. अमरावतीचा सुखवस्तू व्यापारी या गणतीत सहज येतो. खारपाणपट्ट्यातील शेतमजूर बहुधा दुसऱ्या टोकाला असतो, आणि त्याचा मांसक्षय हीदेखील तितकीच चिंतेची बाब होय.

आपल्या व्यवसायाशी याचा निकट संबंध आहे. अमरावती-अकोल्याचे अनेक रुग्ण नागपूर वा मुंबईस औषधोपचार घेऊन दोन आवर्तनांच्या मधल्या काळात गावी परततात व आपल्याकडे येतात. त्या वेळी वजन वाढलेले दिसले की आपण ‘बृंहण झाले’ म्हणून समाधान मानतो. हे समाधान घातक ठरू शकते. प्रोमायलोसायटिक प्रकारात ट्रेटिनॉइन व आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांच्या उपचारात थोड्या दिवसांत पाच किलोंहून अधिक वजन वाढणे, सोबत ज्वर व श्वास, हे डिफरन्शिएशन सिंड्रोम या प्राणघातक उपद्रवाचे लक्षण आहे. स्थूल रुग्णांत त्याची भीती अधिक. अशा रुग्णास आपल्याकडे एक दिवसही ठेवू नये. (आर्सेनिक म्हणजे आपला सोमलच, असे म्हणून मल्लसिंदूर देऊ पाहणाऱ्यांनी हे विसरू नये की ते औषध शुद्ध, मोजून, हृदयालेख पाहत शिरेतून दिले जाते.) इमॅटिनिब घेणाऱ्याचे वाढलेले वजन पुष्कळदा शोथाचे असते; स्टेरॉइड घेणाऱ्याचे मेदाचे, आणि त्याच वेळी दंड-मांड्या वाळत असतात. प्लीहावृद्धीच्या रुग्णात तर काट्यावरचा आकडा स्थिर राहूनही मांस घटलेले असू शकते.

आता औषधी-विक्रेत्यांसाठी. स्थूल रुग्ण मेदोहर गुग्गुळ मागतो व तो निरुपद्रवी समजून दिला जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी व्यक्तींत दाखविले की गुग्गुलिपिडमुळे डिल्टियाझेम या औषधाची रक्तातील मात्रा घटते. ज्या यकृतमार्गाने डिल्टियाझेमचे विघटन होते, मुख्यतः त्याच मार्गाने इमॅटिनिबचेही होते. रक्तातील मात्रा घटली तर आटोक्यात आलेला व्याधी पुन्हा डोके वर काढील. म्हणून मेदोहर कल्प देण्यापूर्वी ‘रक्ताच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ एवढे विचारावेच, व उत्तर होकारार्थी असल्यास कल्प देऊ नये.

उपचार चालू असता लंघन, उद्वर्तन वा वमन-विरेचनाने वजन उतरविण्याचा मोहही टाळावा. स्थूल म्हणून रसायनोपचाराची मात्रा कमी करावी, हा समजही आता मागे पडला आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ पासून प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण मात्रेची शिफारस केली आहे.

रुग्णपत्रिकेत दर आठवड्यास त्याच काट्यावरील वजन, दंडाचा घेर आणि पायांवरील सूज या तीन नोंदी कराव्यात व पुढील आवर्तनास जाताना तो कागद रुग्णासोबत द्यावा.