पहिले शील आणि चिमूटभर अंडी : आर्टेमिया उबविण्याचा एक पाठ

“सर, सकाळी वंदनेला आपण पंचशील ग्रहण करतो. सायंकाळी आपणच उबविलेली जिवंत पिल्ले माशांना खाऊ घालतो. हे दोन्ही एकत्र कसे बसते?” वसतिगृहात राहणाऱ्या इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारलेला हा प्रश्न. मी इतिहासाचा शिक्षक. त्या वर्षी विज्ञान मंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. तिला तत्काळ उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही गुरू-शिष्यांनी मिळून घेतलेला पाठ होय.

प्रथम आम्ही हे का करीत होतो ते सांगितले पाहिजे. आपल्या जालना जिल्ह्यात नळाला रोज पाणी येणे ही अनेक गावांत अपूर्वाई आहे. त्यामुळे घरोघरी हौद, टाक्या, पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे हा पहिला उपाय. परंतु जो हौद रिकामा करणे शक्य नाही, त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत, असे आरोग्य विभाग सांगतो. शाळेच्या वापराच्या हौदांसाठी हे मासे आपणच वाढवावेत असे ठरले. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. ती पिल्ले इतकी लहान असतात की त्यांच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी अतिसूक्ष्म, पौष्टिक आणि हलते खाद्य सर्वांत उत्तम ठरते. असे खाद्य म्हणजे आर्टेमियाची पिल्ले.

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील कोळंबीच्या दूरच्या कुळातला जीव आहे. पूर्ण वाढलेला आर्टेमिया जेमतेम एक सेंटिमीटर लांब असतो आणि पाठ खाली, पाय वर करून पोहतो. जेथे पाणी इतके खारट असते की मासे तग धरू शकत नाहीत, तेथे तो सुखाने राहतो. राजस्थानातील सांभर सरोवर, तमिळनाडूतील तुतिकोरिनची मिठागरे येथे तो आढळतो. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या वडाळा येथील मिठागरांतून १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली. आज बाजारात डबाबंद मिळणारी त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून येतात. माशांच्या पिल्लांसाठी हे खाद्य किती उपयुक्त आहे, हे १९३० च्या दशकात अमेरिका व नॉर्वे येथील संशोधकांनी दाखवून दिले.

या अंड्यांचे वैशिष्ट्य जालनेकरांना समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि पुढे आपले शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. कोरडे बी जसे पिशवीत निपचित पडून राहते आणि ओल मिळताच अंकुरते, तसेच हे अंडे. परिस्थिती बिकट झाली, पाण्यातील क्षार वाढले किंवा प्राणवायू घटला की मादी जाड कवचाची अंडी टाकते. आतील गर्भाची वाढ थांबते, जीवनक्रिया जवळजवळ बंद पडतात, आणि ट्रेहॅलोज नावाची शर्करा कोरडेपणातही त्याच्या पेशींचे रक्षण करते. अशी अंडी अनेक वर्षे टिकतात. अपोलो १६ व १७ या चांद्रयानांतूनही ती प्रयोगासाठी नेण्यात आली होती. एका ग्रॅममध्ये अशी दोन ते तीन लाख अंडी मावतात. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

आता कृती. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा तळ कापावा आणि बूच घट्ट लावून ती उलटी टांगावी. तळ निमुळता झाल्याने अंडी एका कोपऱ्यात साचून राहत नाहीत. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ वजन करून विरघळवावे. पाणी नळाचे असल्यास एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जाते. पाणी किंचित अल्कधर्मी असावे. त्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. लहान एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून बुडबुडे सतत चालू ठेवावेत. तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. हिवाळ्यात बाटलीजवळ लावलेला लहान दिवा ऊब आणि उजेड दोन्ही देतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र बाटली आतल्या, थंड खोलीत ठेवावी. वीज गेली आणि पंप थांबला तर प्रयोग फसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

साधारण १८ ते ३६ तासांत पाण्याला नारिंगी रंग येतो. ही अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्ले होत. पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी कवचे वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात आणि पिल्ले उजेडाकडे जमतात. बाटलीच्या खालच्या भागावर एका बाजूने विजेरीचा प्रकाश पाडून तेथे गोळा झालेली पिल्ले बारीक नळीने काढून घ्यावीत. याहून अधिक वेळ पंप बंद ठेवल्यास ती गुदमरतात. दाट विणीच्या सुती रुमालातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन ती माशांना द्यावीत. कवचे माशांच्या पिल्लांच्या पोटात अडकू शकतात. म्हणून ती जाऊ देऊ नयेत. जन्मतः आर्टेमियाच्या पिल्लाजवळ पिवळ्या बलकाची शिदोरी असते आणि तीच माशाचे पोषण करते. तासागणिक ती सरते, म्हणून ताजे असतानाच खाद्य द्यावे.

आर्टेमिया वाढवून पाहायचे असल्यास पसरट टबात तसेच खारे पाणी, मंद हवा आणि अत्यल्प स्पिरुलिना भुकटी किंवा यीस्ट द्यावे. पाणी पुन्हा निवळेपर्यंत दुसरा घास देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत ती प्रौढ होतात.

पहिल्या वेळी मी हिशेब केला नाही. भरलेला चमचा बाटलीत टाकला. गप्पीच्या मूठभर पिल्लांसमोर लाखो जीव उबले. जास्तीची पिल्ले पेटीत ओतली. गोड्या पाण्यात ती काही तासांतच मेली. सकाळी पाणी नासून दुर्गंधी सुटली होती आणि गप्पीची बरीच पिल्लेही मरून पडली होती. पेटी धुताना त्या विद्यार्थिनीने वरील प्रश्न विचारला.

उत्तर शोधताना मी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, १९५७ साली म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाकडे वळलो. तेथे अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेब तत्त्व आणि नियम यांत भेद करतात, तसेच मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतही. नियम मनुष्याला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथातही त्यांनी हाच भेद मांडला होता आणि तत्त्वानुसार केलेल्या कृतीची जबाबदारी कर्त्यावर असते, असे प्रतिपादिले होते. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेबरोबर त्यांच्या पालनाचा उल्लेख आहे.

वर्गात आम्ही यावर चर्चा केली. लहान मुलांना डेंग्यूपासून वाचविणे ही गरज होती, यावर सर्वांचे एकमत झाले. परंतु चमचाभर अंडी टाकण्याची गरज कोणती होती? तेथे इच्छाही नव्हती. होता तो केवळ निष्काळजीपणा. पहिले शील भंगले असेल तर ते तेथे, असे माझे मत मी मुलांसमोर स्पष्टपणे मांडले आणि चूक माझी होती हेही सांगितले.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरविल्या. शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाण्यांची उगवण चाचणी घेतो, तशी नव्या डब्यातील अंड्यांची चाचणी आधी घ्यावी; अंडी हवाबंद, कोरडी ठेवावीत, कारण पावसाळी दमटपणाने ती निकामी होतात. एका लहान पेटीसाठी एका वेळी पाव चहाच्या चमच्याहूनही कमी अंडी घ्यावीत. मासे काही मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य द्यावे. गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील असल्यामुळे ते हौदातच राहावेत. नदी, ओढा, तलाव यांत सोडू नयेत, नाहीतर तेथील मूळ जीवांवर संकट येते.

या सर्वांची नोंदवही ठेवण्याचे काम त्या विद्यार्थिनीने मागून घेतले. तारीख, तापमान, अंड्यांचे वजन, लागलेले तास असे रकाने मी आखून दिले होते. ‘उरलेली पिल्ले’ हा शेवटचा रकाना तिने स्वतः वाढविला. वर्षअखेर वही चाळली तेव्हा त्या रकान्यात आरंभी ‘पुष्कळ’, मग ‘थोडी’ आणि पुढे बहुतेक दिवशी ‘नाहीत’ असे लिहिलेले आढळले. पालकांनी घरी हा प्रयोग मुलांसमवेत अवश्य करावा. वहीत तो रकाना मात्र आखून घ्यावा.