आळस नव्हे, बोटांतली ताकद

स्मार्टफोनच्या काचेवर बोट फिरवायला जोर लागत नाही, आणि लहान मुलांच्या हाताला खरी गरज जोराचीच असते. तळहातातले लहान स्नायू दाबल्याने, पिळल्याने, चिमटीत धरल्याने बळकट होतात. तीन बोटांत पेन्सिल नीट बसते ती साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. नेमकी हीच वर्षे स्क्रीनपुढे गेली की हाताचा सराव हुकतो. सगळा दोष फोनचा, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. पण मुलांच्या हातांत पूर्वीइतके बळ उरलेले नाही, असे इंग्लंडमधील ऑक्युपेशनल थेरपिस्ट सॅली पेन यांनी २०१८ मध्येच सांगितले होते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. नवी मुंबईतल्या जुईनगरमधल्या एका मुलाची बालवाडी अशीच उरकली. पुढे वहीत पहिल्या दोन ओळी ठळक, तिसरीपासून अक्षर पुसट, आणि चौथ्या ओळीला पेन्सिल खाली. शाळेने लाल शाईत शेरा मारला: 'लिखाणाचा आळस'. गृहपाठ मात्र तीच शाळा व्हॉट्सॲपवर पाठवत राहिली. उलगडा झाला तो थेरपिस्टकडे. कपड्याचा चिमटा अंगठा आणि तर्जनीने उघडायला सांगितला, तर मुलाने दुसरा हात मदतीला घेतला. आळशी ठरवलेल्या मुलाच्या बोटांत ताकदच नव्हती, आणि तो शेरा कोणी मागे घेतला नाही.

उपाय घरातच आहेत. कणकेचा गोळा मळायला द्यावा, मटार सोलायला बसवावे, ओले फडके पिळायला लावावे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू द्यावेत. खडू तोडून बोटभरही नसलेला तुकडा द्यावा. तो मुठीत मावत नाही, म्हणून चिमटीतच धरावा लागतो. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिल्याने मनगट आपोआप योग्य कोनात येते. रोज थोडे, पण न चुकता.

दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक स्क्रीन नको, दोन वर्षांआतील मुलांना तर मुळीच नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. हात दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा एकच हात कमजोर वाटत असेल, तर फोनला दोष देत न बसता डॉक्टरांना दाखवावे. शाळेचा शेरा म्हणजे निदान नव्हे. अक्षर बिघडले की शिक्षेआधी हात तपासून घ्यावा.